फिल्टरवरची मलमल

गाडीला वाढीव पार्ट बसवून हस्तीमलशेठना मिळणार होतं ते एवढंच: आठवड्याला एक संध्याकाळचं जेवण. खिचडी, कढी, दोन फुलके, भाजलेला पापड. पण त्या जेवणाला पुणं जोडलेलं होतं. आणि पुणं हातातून गेलं, तर दुकानात हस्तीमलशेठ उरले काय आणि गल्ल्यामागचं कॅलेंडर उरलं काय, सारखंच.

नारायणगावच्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान. दर मंगळवारी ते पुण्याला रविवार पेठेत जात. माल ट्रान्सपोर्टनं मागून येई. शेठ जात ते भाव पाडायला. त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास असा, की ठोक व्यापारी सकाळी वाघ असतो, जेवून आला की म्हैस होतो आणि चारच्या चहानंतर गाय. म्हणून चारच्या आत ते सौदा पक्का करत नसत. चारनंतर एसटी धरली की घरी यायला अंधार पडे, पण पूर्वी त्याचं काही वाटत नसे. आले, हात धुतले, जेवले.

घोळ झाला तो २००३च्या चातुर्मासात. जैन स्थानकात महाराजसाहेबांनी विचारलं, "वर्षभराचा चौविहार कोण घेतो?" चौविहार म्हणजे दिवस मावळल्यावर अन्न नाही आणि पाणीसुद्धा नाही. कारण साधं आहे, अंधारात बारीक जीव ताटात पडतात, दिसत नाहीत, पोटात जातात. पुढच्या रांगेतल्या किराणावाल्याचा हात वर जाताना हस्तीमलशेठना दिसला, म्हणून त्यांनी त्याच्या आधी आपला वर केला. किराणावाल्यानं मग तो हात डोक्यावरून फिरवून खाली घेतला. त्याला बहुधा डोकं खाजवायचं होतं. पण तोवर महाराजसाहेबांनी शेठना पच्चक्खाण, म्हणजे नियमाची प्रतिज्ञा, देऊन टाकलं होतं, आणि घेतलेला नियम म्हणजे काही फाडलेलं कापड नव्हे की अर्धा मीटर परत घ्या म्हणता येईल.

तेव्हापासून मंगळवार कोरडा जाऊ लागला. दिवाळीनंतर दिवस लहान झाले. एका मंगळवारी एसटीतून उतरल्या उतरल्या शेठना भोवळ आली, आणि हमालानं त्यांना टोमॅटोच्या क्रेटवर बसवून घरी निरोप धाडला. त्या रात्री बायकोनं, कंचनबाईंनी, निकाल दिला.

"संक्रांतीच्या आत एक तरी मंगळवार दिवस असताना घरी येऊन दाखवा. नाहीतर पुण्याला आपला बंटी जाईल."

"बंटीला भाव कळतो का?"

"तुम्हाला भोवळ कळते का?"

"पण..."

"मग दोनला निघत जा."

"दोनला निघायचं तर जायचंच कशाला? तेवढा भाव फोनवर पण मिळतो."

कंचनबाई स्वतः कित्येक वर्षं चौविहार पाळत. पण मंगळवारी त्या ताट झाकून वाट बघत बसत. यांचं नाही तर आपलंही नाही. हे त्या बोलत नसत, आणि न बोललेली रक्कम हस्तीमलशेठ धरत नसत.

आता गाडी. सून टीना पुण्याची. तिचा भाऊ ऑस्ट्रेलियाला गेला आणि जाताना आपली लाल गाडी बहिणीच्या दारात उभी करून गेला. दोनच सीटा, छप्पर नाही, बॉडी फायबरची, बसायचं म्हणजे जवळजवळ रस्त्यावरच बसायचं. पाऊस आला तर वर ताणायला कापडी हूड होतं. हस्तीमलशेठनी ते बोटांत धरून चोळून पाहिलं आणि "हलकं आहे" एवढंच मत दिलं. तिच्यातून बंटी त्यांना दोन मंगळवार पुण्याला घेऊन गेला. गाडी एसटीपेक्षा लवकर आली, पण सूर्यापेक्षा उशिरा. फरक थोडाच राहिला होता.

"एवढा फरक पार्टनं भरून निघेल, पप्पा," बंटी म्हणाला. "मोकळा सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर, कार्बोरेटरचे मोठे जेट, खाली बसणाऱ्या स्प्रिंगा, रुंद टायर. मुंबईहून मागवतो. गाडी उडेल."

हस्तीमलशेठनी हिशेब केला. पार्ट चालले, तर जेवण आपलं आणि पुणंही आपलं. नाही चालले, तर पुणं बंटीचं. दोन्हीकडे पार्ट मात्र बंटीच्या गाडीला. म्हणजे जमेच्या दोन्ही बाजूंना बंटीच? त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. पण बंटीचा चेहरा बी.कॉम. झाल्यापासून असाच होता, त्यातून काही कळत नसे.

"मागव," ते म्हणाले.

खोकं आलं आणि रविवारी गाडी पिंपळवंडीच्या फाट्यावर सोपानच्या गॅरेजात लागली. सोपान टोमॅटोचे पिकअप आणि ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. असली गाडी त्यानं आधी खोलली नव्हती आणि ते तो कबूल करणार नव्हता. फाट्यावर लाल गाडी दोन दिवस उभी राहिली, तर येणाजाणाऱ्यांत आपलं नाव होईल हा त्याचा फायदा.

"शेठ, तुमी बसा. घरचंच काम हाय."

"अशी गाडी आधी केलीयस का?"

"अशी म्हंजी... गाडी म्हंजी गाडी. चार चाकं व्हती, चारच ठेवू."

शेठ स्टुलावर बसले. खोक्यातल्या कागदावर नुसती चित्रं होती आणि खालची अक्षरं कुठली ते कुणालाच ओळखता येईना. सोपाननं कागद उभा धरला, आडवा धरला, शेवटी भिंतीला टेकवून ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून कामाला लागला. जुने भाग निघून गोणपाटावर पडू लागले. हस्तीमलशेठची नजर त्या ढिगावर. जुना सायलेन्सर केवढा मोठा, आत काय काय भरलेला. नवा म्हणजे नुसती नळी. फिल्टरचा जुना डबा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याएवढा. नवा फिल्टर चहाच्या गाळण्याएवढा.

"काढलं ते पोतंभर, बसवलं ते मूठभर," ते म्हणाले. "आणि पैसे आपणच द्यायचे?"

"पप्पा, कमी आहे म्हणूनच जास्त आहे."

हे वाक्य त्यांनी मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. कापडात असं कधी झालं नव्हतं. पन्हा कमी आणि भाव जास्त, हे गिऱ्हाईकाला सांगून बघावं असं क्षणभर त्यांना वाटलंही.

"आणि त्या डब्याचं काय?"

"डब्यात असाच फिल्टर कोंडलेला व्हता, शेठ," सोपान म्हणाला. "आता उघड्यावर. मोकळा श्वास."

"म्हणजे हा उघड्या तोंडानं वारा ओढणार?"

"वढणार म्हंजी! म्होरं कोंबडी आली तर पिसं तेवढी मागं ऱ्हातील."

सोपान हसला, बंटी हसला. हस्तीमलशेठ हसले नाहीत. ते फिल्टरकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बॉनेट कसं उघडतात रे? मला दाखवून ठेव." शेठना गाडीत रस आला म्हणून सोपान खूश झाला आणि त्यानं खटका दाखवला.

मंगळवारी पहाटे बंटी अंघोळीला गेला तेव्हा शेठ दुकानातून मलमलीचा तुकडा घेऊन आले. चांगली घट्ट विणीची मलमल, दुहेरी घडी. घरातल्या नळाच्या तोंडाला पाणी गाळायला जसं कापड बांधलेलं असे, तसं त्यांनी ते फिल्टरच्या तोंडावर बसवलं, नाडीनं आवळलं, गाठ तपासली. बॉनेट लावलं. यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटलं नाही आणि सांगण्यासारखंही नाही. नळाला कापड बांधताना घरात कोणी जाहीर करतं का?

त्या दिवशी गाडीनं आवाज असा केला की पेठेतली कुत्री आधी भुंकली आणि मग गप्प झाली. पण वेग? चाकणपर्यंत बंटीचा चेहरा उतरला. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी गुरगुरायची, मागून काळा धूर सोडायची आणि पुढे मात्र विचार करत करत जायची. परत येताना खेडच्या घाटात उसाच्या ट्रॉलीनं त्यांना मागं टाकलं. ट्रॉलीवरचा गडी वाकून म्हणाला, "शेठ, ढकलू का?" घरी पोचायला पहिल्यापेक्षा उशीर झाला. कंचनबाईंनी झाकलेलं ताट उचलून आत नेलं.

उतरल्यावर हस्तीमलशेठनी आधी बॉनेट उघडलं, मलमल सोडली, परसातल्या तुळशीपाशी नेऊन हळूच झटकली. दोन-तीन बारीक जीव उडाले. बाकीचे हलले नाहीत. त्यांची क्षमा मागत ते "मिच्छामि दुक्कडं" पुटपुटले, तुकडा धुवून वाळत घातला आणि उपाशी झोपले. आठवड्याच्या मधल्या दिवसांत त्यांनी तो बांधला नाही. मधल्या फेऱ्या बंटीच्या. त्यातलं पाप-पुण्य बंटीच्या खाती.

बुधवारी बंटी गाडी घेऊन फाट्यावर.

"सोपान, तू काय बसवलंस? गाडी मेली."

"मेली? बघू." सोपान गाडीत बसला, आळेफाट्यापर्यंत गेला आणि परत आला तेव्हा त्याचे केस पाठीमागं उभे होते. "बंटीशेठ, ही मेली म्हनता? माझा जीव जाता जाता ऱ्हायला!"

बंटीनं स्वतः चालवून पाहिली. गाडी उडत होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सोपाननं कार्बोरेटरचा एक स्क्रू अर्धा फेरा फिरवला, कारण काहीतरी केल्याशिवाय पैसे मागणं बरं दिसत नाही.

पुढच्या मंगळवारी तेच. गाडी खोकली, धुरकटली, घाटात दम सोडला. बुधवारी सोपानकडे पुन्हा वाघीण.

"काल काय येगळं व्हतं?" सोपाननं विचारलं.

"काहीच नाही. रस्ता तोच, पेट्रोल तेच. काल पप्पा होते."

सोपान बॉनेटवर हात ठेवून थांबला. "शेठचं वजन किती?"

अशा गोष्टी बोलून थांबत नाहीत. सोपाननं खताच्या दुकानातून युरियाचं पोतं आणलं, ते शेठच्या सीटवर बसवलं, कमी पडेल म्हणून मांडीवर पेंडीचं अर्धं पोतं दिलं आणि पट्टा लावला. पोत्याला घेऊन बंटी आळेफाट्याला गेला आणि वाऱ्यासारखा परत आला. ही चाचणी फाट्यावरच्या चहावाल्यासकट सगळ्यांनी पाहिली.

शेठ स्वतः चौकशीला आले तेव्हा पोतं अजून पट्ट्यातच होतं.

"हे काय?"

"शेठ, राग मानू नका," सोपान म्हणाला. "तुमीच हाये ते."

"मी?"

"वजनानं. निकाल असा हाय की पोतं चालतंय. तुमी चालत न्हाई."

हस्तीमलशेठ पोत्याकडे बघत राहिले. आयुष्यात माणसांनी त्यांच्याविषयी बरंच काही म्हटलं होतं, चिकट म्हटलं होतं, गोडबोल्या म्हटलं होतं. पण युरियाच्या पोत्याशी तुलना होऊन आपण कमी पडावं, हे त्यांना नवीन होतं.

"माझ्यात असं काय आहे जे पोत्यात नाही?"

यावर फाट्यावर दोन मतं पडली. चहावाल्याचं म्हणणं, मंगळवारच वाईट. सोपानचं म्हणणं, पोतं हलत नाही आणि शेठ घाटात पुढं झुकून जोर लावतात, त्यानं गाडी बिचकते. पुढच्या खेपेला शेठ पोत्यासारखे बसून पुण्याला गेले आले. मान दुखली. गाडी तशीच खोकली.

गोंधळ त्यांचा असा होता की उत्तर त्यांना सगळ्या बाजूंनी तपासूनही सापडेना. वेळ वाचवायला पैसे दिले, हे खरं. पैसे गेले, हेही खरं. मग विकत घेतलेला वेळ गेला कुठे? पार्ट तेच, मंगळवारी नापास आणि बुधवारी पास. तागा कुणी सोमवारी मोजो नाहीतर शुक्रवारी, मीटर तेवढेच भरतात. रात्री ते छताकडे बघत पडत आणि पोट वाजे. शेजारी कंचनबाईंचंही वाजे. पण तो आवाज ते आपलाच समजत.

संक्रांतीआधीचा शेवटचा मंगळवार आला. सकाळी त्यांनी गाठ बांधली, नेहमीसारखी. त्या दिवशी रविवार पेठेतला व्यापारी चारच्या आधीच गाय झाला. पुतण्याच्या लग्नाची घाई होती त्याला. शेठ लवकर सुटले. मनात आलं, आज गाडी कशीही चालो, आज जमतंय.

चाकण सोडलं तेव्हा ऊन होतं. घाटात गाडी गुडघे टेकल्यासारखी चढली. मंचरच्या पुढे, एकलहऱ्याच्या जरा अलीकडे, तिनं मोठा ठसका दिला आणि ती बंद पडली. डाव्या हाताला ऊस, उजव्या हाताला पाणी सोडलेला कांदा. सूर्य अजून उसाच्या तुऱ्यांच्या वर होता.

बंटी उतरला आणि त्यानं बॉनेट उघडलं.

"पप्पा. हे काय आहे?"

शेठ वाकून बघून म्हणाले, "मलमल."

"कुणी बांधली?"

"मी. दर मंगळवारी बांधतो. का?"

"का म्हणजे? पप्पा, इंजिन इथून श्वास घेतं! तुम्ही त्याचं नाक दाबून धरलंय! महिनाभर!"

"एवढी पातळ मलमल..."

"दुहेरी आहे! आणि ही बघा, धुळीनं पत्रा झालीय!" बंटी मध्येच थांबला. त्याच्या तोंडावर हसू येत होतं की रडू, त्याचं त्यालाच ठरवता येईना. "म्हणजे... पोत्यानं कापड बांधलं नव्हतं."

हस्तीमलशेठ रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. युरियाच्या पोत्याची अब्रू आणि आपली, दोन्ही एकदम जागेवर आल्यासारखं त्यांना वाटलं. पण बरं काही वाटलं नाही.

"आता काढतो," बंटी नाडीला हात घालत म्हणाला. "काढली की गाडी सुटते. दिवस असताना घरी. कढी गरम असताना. उठा."

"थांब."

हवेत चिलटं उठायला लागली होती. पाणी दिलेल्या वाफ्यांवरून त्यांचे ढगच्या ढग रस्त्यावर येत होते, जसे त्या वेळेला येतात. शेठनी मलमलीकडे पाहिलं. तिच्यावर काळे, तपकिरी ठिपके होते. एक हिरवा ठिपका चालत होता.

"काढलीस तर हे सगळे आत जाणार?"

"आत फिल्टर आहे ना! फिल्टरवर अडकणार."

"अडकून?"

बंटीला उत्तर माहीत होतं, म्हणून त्यानं ते टाळलं. मग त्याला दुसरं सुचलं. "ते कापडावर पण मरतातच, पप्पा. बघा ना."

"सगळे नाही मरत. घरी गेल्यावर झटकतो तेव्हा दोन-तीन उडतात."

"दोन-तीन! आणि समोरच्या काचेवर आपटतात त्यांचं काय? टायरखाली येतात त्यांचं?"

"काच गाडीबरोबर आली," हस्तीमलशेठ म्हणाले. "टायरही आधीचे होते, तू रुंद केलेस. गाडीबरोबर आलेलं पाप ज्यानं गाडी केली त्याच्या नावावर. पण हे उघडं तोंड मी पैसे देऊन बसवलंय. माझ्या एका जेवणासाठी. हे माझ्या नावावर पडतं."

"असा कुठं हिशेब असतो का?"

"मला तरी हाच येतो."

मागून टेम्पो गेला, वाऱ्यानं चिलटांचा ढग फिरला आणि परत जमला. बंटी पुढे आला आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसला. हळू आवाजात म्हणाला, "पप्पा, आज शेवटचा मंगळवार आहे. मम्मी बोलली ते बदलणार नाही. आता उशीर झाला तर पुणं गेलं तुमचं."

"तुला मिळेल की."

"मला नकोय असं. काढू द्या ना. एक दिवस."

शेठ त्याच्याकडे बघत राहिले. जमेच्या दोन्ही बाजूंना ज्याचं नाव होतं, तो आपल्या बाजूची रक्कम खोडायला सांगत होता. हे कुठल्या खात्याला लावायचं? अंधारात जीव मरू नयेत म्हणून चौविहार. चौविहार साधावा म्हणून गाडी. गाडी पळावी म्हणून उजेडातच जीव मारायचे. कुठेतरी एक वजाबाकी उलटी झाली होती. पण कुठे? स्थानकात हात वर केला तिथे? की सोपानच्या स्टुलावर? महाराजसाहेबांना विचारावं तर ते पायी विहार करत कुठल्याकुठे पोचलेले, आणि सूर्य काही विचारायला थांबणार नव्हता. तो तुऱ्यांना टेकला होता.

"झटक ती," ते शेवटी म्हणाले. "हळू झटक. आणि परत बांध. सावकाश घे."

"एकेरी बांधू? निदान एकेरी?"

"दुहेरी."

बंटीनं शेताच्या बांधापाशी जाऊन मलमल झटकली. हिरवा ठिपका उडाला की पडला, ते दोघांपैकी कुणाला दिसलं नाही. गाडी चालू झाली, खोकत निघाली. कळंबला पोचेपर्यंत आभाळ तांबडं होतं, वारूळवाडीला राखाडी. घरापाशी आले तेव्हा दिवे लागले होते आणि कंचनबाई ओट्यावर उभ्या होत्या. शेठ उतरले, चप्पल काढली आणि खुंटीला टोपी अडकवताना कुणाकडे न बघता म्हणाले, "पुढच्या मंगळवारपासून बंटी जाईल."

बंटीनं मलमलीचं सांगितलं तेव्हा कंचनबाई आधी हसल्या, मग पदर तोंडाला लावून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ही बातमी फाट्यावर पोचली. सोपाननं कपाळाला हात लावला. "म्हंजी माझी फिटिंग बरुबर व्हती? मंग त्या पोत्याला मी कशापायी फिरवलं, राव?" चहावाला मात्र अजूनही मंगळवारच म्हणत होता.

तेव्हापासून दर मंगळवारी पहाटे हस्तीमलशेठ मलमलीचा धुतलेला तुकडा बंटीच्या हातात देतात. बंटी त्यांच्यासमोर तो फिल्टरला बांधतो, दुहेरी, आणि गाठ दाखवतो. संध्याकाळी गाडी गर्जत येते. आवाज वेशीपासून ऐकू येतो, आणि सूर्य अजून वर असतो. बंटीचा काही नियम नाही, रात्री जेवला तरी चालतं. पण टीना गरम वाढते म्हणून तो लगेच बसतो. जेवून तो तुकडा वडिलांना परत देतो. शेठ परसात जाऊन तो उजेडाकडे धरतात. त्यावर धूळ नसते, ठिपका नसतो, सकाळच्या नाडीची चुणीसुद्धा जेमतेम उमटलेली असते, वेशीबाहेरच सोडल्यासारखी. ते तो तरीही झटकतात. बंटीला विचारत नाहीत. विचारलं तर तो खरं सांगेल, आणि मग ते खरं कुठे तरी लिहावं लागेल.

आणि मंगळवारी ते संध्याकाळी पानावर बसत नाहीत. "भूक नाही," म्हणतात. दिवसभर घरीच असतात, वेळ असतो, कढी समोर उकळत असते. कंचनबाई दोनदा म्हणाल्या, "आता कुठला उशीर झालाय? घ्या की." तिसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत.

तेव्हा एकूण असं झालं. सोपानला मजुरी आणि नाव मिळालं. बंटीला पुणं, गाडी आणि गरम जेवण. पार्टवाल्याला पार्टचे पैसे. रविवार पेठेतल्या व्यापाऱ्याला बंटी, जो सौद्यावरून तीनलाच उठतो. आणि भरलं कोणी, तर हस्तीमलशेठनी आठवड्याला एक जेवण, त्यांच्याबरोबर कंचनबाईंनी एक; आणि मंचरपासून नारायणगावपर्यंत ओल्या वाफ्यांवरून जे उठतात, त्यांनी किती, ते मोजायला कोणी थांबलेलं नाही.